शालनमावशीच्या विळीचा पाट

तुम्ही शेवटचा मासा घरी आणलात तेव्हा तो किती लांब होता, आठवतं का? भाव आठवत असेल. ताजा होता की बर्फातला, हेही आठवत असेल. पण तो मासा वयात आलेला होता की अजून पोर होता… हा प्रश्न तुमच्या मनात आला होता का? माझ्याही मनात कधी आला नसता. तो मला एका बाईने तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं करून विचारला आणि त्यानंतर त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. ती बाई, आमची शालनमावशी, गेल्या महिन्यात गेली. तिच्याबद्दल गोड गोड लिहून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. तिला ते आवडलंही नसतं. ती अर्धं राहिलेलं एक काम मागे ठेवून गेली आहे, आणि हा लेख त्या कामासाठी आहे.

बातमी आली ती मोबाइलवर. बहारीनमध्ये आम्हा मराठी माणसांचा एक छोटा ग्रुप आहे, ‘शुक्रवारचा गळ’ नावाचा. सुटीच्या दिवशी समुद्रावर गळ टाकणारे ड्रायव्हर, फोरमन, दोन-चार बँकवाले आणि मी. त्या सकाळी कुणीतरी शेरी नावाच्या इथल्या दोन माशांचा फोटो टाकला होता आणि त्याखाली नेहमीची थट्टा चालली होती. “बाजारातून आणलेस ना?” “गळाचा तंगूस तरी ओला झाला का?” आणि मधेच दत्ताकाकांच्या दोन ओळी आल्या. ‘शालन गेली. आज पहाटे.’ त्याच क्षणी कुणीतरी माशांच्या फोटोसाठी दाबलेला अंगठा नेमका त्या ओळींच्या खाली येऊन पडला. मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. माझा मजला आला, दार उघडलं, पुन्हा बंद झालं आणि मी तशीच खाली गेले.

शालनमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. ती चिपळूणकडची, आम्ही इचलकरंजीचे. तिचे यजमान दत्ताकाका तुबलीच्या एका गॅरेजमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करतात आणि मावशी त्या गॅरेजच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांतून डबे देत असे. आम्ही राहायचो सनाबिसला. माझी आई नोकरी करायची, त्यामुळे शुक्रवारचं माशाचं जेवण मावशीकडून यायचं. ते आणायला बाबांबरोबर मी जायचे. मी इथेच जन्मले, इंग्रजी शाळेत शिकले. माझ्या वर्गातली मराठी मुलं घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. मी त्यातून वाचले ते बाबांच्या एका ट्रंकेमुळे. बाबा गावी असताना यंत्रमाग कामगारांच्या चळवळीत होते आणि इकडे येताना कपड्यांपेक्षा जास्त पत्रकं घेऊन आले होते. पिवळ्या, गुलाबी कागदावरची. मी मराठी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ‘चांदोबा चांदोबा’ म्हणायच्या वयात मी ‘बंधू-भगिनींनो, आता गप्प बसाल तर…’ असं मोठ्याने वाचत असे. त्यामुळे माझ्या भाषेत आजही उद्गारचिन्हं फार. मावशी म्हणायची, “ही पोरगी मीठ मागते ते पण मोर्च्यात मागितल्यासारखी.”

तर तो प्रश्न. मी कॉलेजात असेन. आमच्या ग्रुपमधला बाळूदादा, गुहागरचा, ट्रेलर चालवतो, एका शुक्रवारी सकाळी पिशवी घेऊन मावशीच्या दारात आला. पद्धत अशी होती की, ज्याला मासा मिळेल त्याने तो मावशीकडे आणायचा. ती साफ करून, कालवण करून ज्याचा त्याला डबा भरून द्यायची. बाळूदादाच्या पिशवीत चार हामूर होते. हामूर म्हणजे आपल्याकडचा हेकरू, कुणी गोब्रा म्हणतात. अंगावर नारिंगी ठिपके, तोंड रुंद, मांस पांढरंशुभ्र. इथल्या लोकांचा जीव की प्राण. पण बाळूदादाचे हामूर तळहाताहून थोडेच मोठे होते. मावशी विळीवर बसली होती. ती विळी तिने माहेरून आणलेली. फणसाच्या लाकडाचा पाट, पाण्याने काळा पडलेला, एका कडेला तडा. तिने पिशवीतला एक मासा काढला, पाटावर आडवा ठेवला. अर्धा पाट रिकामा राहिला.

“काय रे मेल्या, हे काय आणलंस?”

“हामूर, मावशी. ताजे हायत. गालफडं बघा.”

“हामूर नाय, हामराची पोरं हायत ही. अंगणवाडीतनं उचललीस काय?”

बाळूदादा हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. मावशीने मासा परत पिशवीत टाकला, हात धुतले आणि दाराकडे बोट केलं. “ही मी कापणार नाय. माझ्या पाटापेक्षा लांब असेल तो मासा आणायचा. बाकीचे पाण्यात.” “मावशी, मेलेत ते आता!” “मग तूच खा. कच्चे खा. माझ्या चुलीवर नाय.” आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच ते मासे आणले होते अशा आवाजात तिने विचारलं, “काय गो जुई, तू एवढं वाचतेस, मासा पोर हाय का थोर हाय, हे तरी विचारतेस का खाताना?”

ती चिडली होती त्यामागे एक कारण होतं आणि ते त्याच दुपारी तिने सांगितलं. इथे सरकारी केंद्रात हामूरची अंडी उबवतात, पिल्लं बोटाएवढी झाली की समुद्रात सोडतात. आपल्याकडे धरणात सोडतात त्या पिल्लांना बोटुकली म्हणतात, तीच ही. खाडीतल्या तिवरांच्या मुळांत ती लपतात, तिथेच वाढतात आणि मोठी झाली की बाहेरच्या खडकांकडे जातात. दत्ताकाकांच्या गॅरेजमध्ये इंजिन घेऊन येणारे अराद गावचे म्हातारे मच्छीमार अबू हमद यांनी तिला हे सांगितलं होतं. एकदा पिल्लं सोडतानाही त्यांनी तिला नेलं. पाइपातून पाण्याबरोबर ती पिल्लं सुटली, क्षणभर तिथेच गोंधळून घोटाळली आणि मग एकदम गडप झाली… मावशी म्हणाली, “मला माझ्या बापाचा डबा आठवला.”

तिचं माहेर एका धरणाच्या पायथ्याशी. वडील मच्छीमार सोसायटीत. सोसायटी दरवर्षी रोहू-कटल्याची बोटुकली आणून धरणात सोडायची. डबे खांद्यावर घेऊन, ओल्या गोणपाटाने झाकून, वाटेत थांबून पाणी ढवळत माणसं ती आणायची. आणि मग काय व्हायचं? आठवड्याभरात गावातल्याच बाया-माणसं मच्छरदाणी घेऊन काठाला उतरायची. मूठ-मूठ बोटुकली घरोघर तळली जायची. “कुरकुरीत लागायची, खोटं कशाला बोलू,” मावशी म्हणाली. “मी पण खाल्ली. बापाने सकाळी सोडलेली संध्याकाळी माझ्याच ताटात. तो ताटावरनं उठून गेला.” पूर्वी धरण भरून वाहिलं की मोठाले मासे सांडव्यावरून खालच्या नदीत यायचे, नदीकाठची चार गावं त्यावर जेवायची. हळूहळू धरणात मासाच राहिला नाही. मग नदीतही आला नाही. मग सोसायटीने बोटुकली आणणं बंद केलं आणि सगळे म्हणायला लागले, पाणीच वाईट. “पाणी कशाला वाईट असेल? आम्ही वाईट.” हे म्हणताना ती कांदा चिरत होती, म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब मी तेव्हा केला नाही.

त्या दिवसापासून तिची एकच इच्छा होती आणि ती तिने कुणापासून लपवली नाही. सोडलेल्यातलं एक तरी पोर मोठं झालेलं डोळ्यांनी बघायचं. बस्स. मला हे तेव्हा फार लहान वाटलं. मी ट्रंकेतल्या पत्रकांवर वाढलेली. मला व्यवस्था बदलायची होती, मावशीला एक मासा बघायचा होता. पण तिने मला कामाला लावलं. “तुला लिहिता येतं ना? मग लिही एक पत्रक. डब्याला चिकटवू.” मी रात्रभर बसून लिहिलं. ‘मत्स्यप्रेमी बंधू-भगिनींनो! तुमच्या ताटातला हा कोवळा जीव तुम्हाला जाब विचारतो आहे!’ असं सुरू होऊन दोन्ही बाजू भरल्या. मावशीने चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाली, “बाय माझे, माणसं जेवायला बसलीत. एवढं ओरडतेस कशाला त्यांच्यावर? घास अडकेल कुणाच्या तरी.” आणि तिने पेन घेऊन सगळं खोडलं आणि खाली एकच ओळ लिहिली. ‘माझ्या पाटाहून लहान मासा मी शिजवणार नाही. शालन.’ ती ओळ कितीतरी दिवस डब्यांच्या झाकणांवर फिरत होती. माझ्या त्या दोन पानांनी एकही मासा वाचला नसता. तिच्या एका ओळीने पुष्कळ वाचवले, कारण माणसं पत्रकाशी वाद घालू शकतात. मासा कापून देणारीशी घालू शकत नाहीत.

सोपं नव्हतं. गिऱ्हाइकं तुटली. “दुसरीकडे कापून मिळतो,” म्हणून काही जण गेले, त्यातले काही तिच्या कालवणाच्या आठवणीने परत आले आणि काही आलेच नाहीत. बाळूदादा मात्र, जो सगळ्यात जास्त कुरकुरला, त्यानेच गळाच्या काठीवर विळीच्या पाटाएवढी लांबी मोजून लाल टेप गुंडाळला. पुढे ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या काठीवर तो लाल टेप आला. खाडीच्या तोंडाशी दगडी बांधावर आम्ही बसायचो तेव्हा शेजारचे मल्याळी, बंगाली गळवाले विचारायचे, “ये क्या है भाई?” बाळूदादा गंभीर चेहरा करून सांगायचा, “सासूबाई है. इससे छोटा लेके घर गया तो खाना नहीं मिलता.”

याशिवाय मावशीने दुसराही एक नियम लावला होता आणि तो ती गावाहून घेऊन आली होती. आषाढ-श्रावणात गळ बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मगच पुन्हा सुरू. “त्या दिवसांत माशाच्या पोटात अंडी असतात. आईला मारायची नाय.” आम्ही सगळे ते मानायचो. जुलै-ऑगस्टच्या त्या भट्टीत तसंही दगडांवर बसवत नव्हतं आणि श्रावणात बरेच जण खातही नव्हते, त्यामुळे पुण्य फुकटात पदरात पडत होतं. आषाढात गावाकडे आखाड साजरा होतो म्हणून बाळूदादा तेवढा रडायचा. पण मावशी ढिम्म हलली नाही. समुद्र परका, कॅलेंडर मात्र चिपळूणचं. आमच्यापैकी एकालाही, पत्रकं पाठ असलेल्या मलाही, कधी शंका आली नाही.

आणि मग तो शिमगा आला. गावी पालख्या नाचत होत्या आणि आम्ही इथे सुटीच्या दिवशी मावशीच्या गल्लीत शिमग्याचं जेवण ठरवलं होतं. सकाळी बांधावर बाळूदादाच्या गळाला मोठा मासा लागला. तंगूस हाताला कापत होता; दोघांनी मिळून ओढला. हामूर! पाटाहून लांब, चांगला हातभर. बाळूदादाने तो उलटा केला आणि आमच्यापुढे धरला. पोटाखालचा एक पर खुंटलेला होता. पिल्लं सोडताना त्यांतल्या काहींचा तो पर खूण म्हणून कातरलेला असतो, हे अबू हमदनी आम्हाला कितीदा सांगितलं होतं. आमच्या हातात सोडलेलं पोर होतं… मोठं झालेलं.

मावशीकडे तो मासा आम्ही अक्षरशः वाजतगाजत नेला. कुणीतरी पातेलं बडवत होतं. तिने तो पाटावर ठेवला. डोकं एका बाजूला लोंबत होतं, शेपटी दुसऱ्या बाजूला. तिने त्या खुंटलेल्या परावरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. “आलीस गो बाय,” म्हणाली. नर की मादी तिला तेव्हा माहीत नव्हतं. तिच्या तोंडातून आपलं ‘बाय’ गेलं. मग तिने विळीचं पातं पुसलं आणि पोट फाडलं. आत गाभोळी होती, माशाची अंडी. दोन्ही बाजूंनी भरलेली, पिवळीधमक. सगळ्यांनी ओरडून टाळ्या पिटल्या. गाभोळी म्हणजे आपल्याकडे प्रसादच. मावशीने हळद-तिखट लावून ती तळली, तुकडे केले, पहिला तुकडा बाळूदादाला, दुसरा मला. मी खाल्ला. चांगला लागला. मावशीच्या भाषेत, खोटं कशाला बोलू.

जेवणं चालू असताना अबू हमद आले. काकांनी त्यांना बोलावलंच होतं. मावशीने मोठ्या कौतुकाने मासा कसा मिळाला ते सांगितलं, बाजूला ठेवलेला तो खुंटलेला पर दाखवला, गाभोळीचा तुकडा पुढे केला. म्हाताऱ्याने तुकडा हातात घेतला नाही. तो चिडलाही नाही. त्याच्या त्या मोडक्या, मायाळू हिंदीत तो म्हणाला, “शालन, तुम जुलाई-अगस्त में घर बैठता है. उस टाइम हामूर का पेट देखा कभी? मफी. कुछ नहीं. इदर का हामूर अभी बेबी देता है. अभी, दो-तीन महीना. तुम्हारा गाँव का दरिया अलग, ये दरिया अलग.” मग थोडं थांबून, “माँ बनने को इतना साल लगा उसको… खलास, अब खा लिया.”

जी पिल्लं वाढावीत म्हणून आम्ही इतकी वर्षं लाल टेप लावून बसलो होतो, त्यांतली पहिलीच वाढलेली मादी आम्ही अंड्यांसकट खाल्ली होती. आणि आजवर दर शिमग्याला, दर चैत्रात, पाटाहून लांब म्हणून अभिमानाने आणलेल्या किती जणी… मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही मोडणार. ती उठली, तिने उरलेल्या गाभोळीवर ताट झाकलं, पदराला हात पुसले आणि अबू हमदना विचारलं, “कौन कौन सा महीना? ठीक से बोलो.” त्यांनी सांगितलं. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटून मराठी महिने लावले. मग म्हणाली, “चैत्र-वैशाख बंद. या शिमग्यापासून.”

“आणि आषाढ-श्रावण?” बाळूदादाने घाबरत विचारलं. “ते पण बंद म्हणजे वर्षभर उपासच की मावशी!”

“आखाड खा मेल्या. पोटभर खा. श्रावणाचं तुझं तू बघ आणि देवाला सांग.”

त्या रात्री तिने मला पुन्हा बसवलं. पुढच्या आठवड्यात डब्यांवर नवी चिठ्ठी गेली. ‘आजवर मी चुकीचे महिने पाळले. चूक माझी. चैत्र-वैशाखात हामूर शिजवणार नाही. शालन.’ मी म्हटलं, मावशी, चुकीचं कशाला लिहायचं, नुसता नियम लिहू. लोक हसतील. ती म्हणाली, “हसू दे. चुकले ते नाय सांगितलं तर लोकं म्हणतील, हिला काय, आज हे उद्या ते. चुकले म्हटलं की कळेल, बाई बघून बोलते.” ट्रंकेतल्या एवढ्या पत्रकांत ‘आमचं चुकलं’ असं सांगणारं एकही पत्रक मी वाचलं नव्हतं. आता कधी मी काही लिहायला बसले आणि आवाज फार चढला, की ती चिठ्ठी समोर ठेवते.

त्यानंतर तिला आणखी काही वर्षं मिळाली. गुडघे गेले, मग मूत्रपिंडांनी दगा दिला, डायलिसिस सुरू झालं. डबे कमी झाले, पण विळी बंद झाली नाही. चैत्रात कुणी हामूर घेऊन आलं की ती पलंगावरूनच ओरडायची. पुन्हा तसा खुंटलेल्या पराचा मासा आम्हाला मिळाला नाही. ती विचारायची मात्र प्रत्येक वेळी. “पर बघितलास का रे?” “बघितला मावशी, दोन्ही साबूत.” “बरं. असेल तिकडे कुठेतरी.” मी तिला शेवटचं भेटले ते इस्पितळात, पाडव्याच्या दोन दिवस आधी. तोंडावर मास्क होता. तो बाजूला करून तिने विचारलं, “पाडवा झाला का गो?” म्हटलं, परवा आहे. “मग बाळ्याला सांग, हामूरचा गळ गुंडाळ. तो विसरतो मेला… मुद्दाम विसरतो.”

पाडवा झाला आणि ती गेली. अंत्यविधी इथेच झाला. बाराव्या दिवशी कोकणातल्या रीतीप्रमाणे तिच्या आवडीचं पान वाढून ठेवायचं होतं. वाडी दाखवायची म्हणतात त्याला. दत्ताकाकांनी पान बांधावरच ठेवायचं ठरवलं. मी सकाळी पोचले तेव्हा बाळूदादा आधीच तिथे होता. त्याच्याजवळ निळी बादली होती, बादलीत समुद्राचं पाणी, त्यात बॅटरीवरचा हवेचा पंप घरघरत होता आणि आत एक हामूर होता. मोठा. शेपटी वळवून कसाबसा मावलेला. “मावशीच्या पानात हामूर नाय, असं कसं होईल?” तो म्हणाला. डोळे सुजले होते. रात्रभर झोपला नसावा. “मी मोजलाय. टेपच्या वर हाय.”

माझ्या तोंडात पत्रकच आलं होतं. चैत्र आहे, तिने काय सांगितलं होतं, तुला लाज… पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं. निर्णय माझा नव्हताच. काका पिशवीतून विळी काढत होते. आणली होती त्यांनी ती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी बादलीत वाकून बराच वेळ बघितलं. मासा जोरात कल्ले हलवत होता. पोट फुगलेलं होतं.

“बाळू,” काका म्हणाले, “ही कापली तर ती पान उलटं फेकेल माझ्या तोंडावर.”

“काका, एकच दिवस. तिच्यासाठी.”

“तिच्यासाठीच म्हणतोय.”

बाळूदादा बसला. गुडघ्यांत डोकं घालून रडला, मोठ्याने, ट्रेलर चालवणाऱ्या माणसाला आपण रडताना कधी बघत नाही तसा. मग उठला, दोन्ही हात समुद्रात ओले केले, मासा बादलीतून अलगद उचलला आणि बांधाच्या कडेला पालथा झोपून पाण्यात धरला. त्याला धरूनच ठेवलं, शेपूट हलेपर्यंत. “पर बघितलास का?” मी विचारलं. हे मी विचारलं हे मलाच नंतर कळलं. तो म्हणाला, “बघितला. दोन्ही साबूत.” आणि हात उघडले. ती गेली, खाली, दगडांच्या सावलीत.

पानावर भात, आमटी, वालाचं बिरडं, पापड. मासा नाही. बाळूदादा पानाला हात जोडून म्हणाला, “मावशी, जेठात आणीन. टेपच्या वर. आईची शप्पथ.” कावळ्यांची वाट बघत आम्ही मागे सरकलो तर एक समुद्रपक्षी वरून आला, पापड उचलला आणि गेला. काकांना हसू आलं. त्या बारा दिवसांतलं पहिलंच. म्हणाले, “पापडाला भुलायची नाय ती. मासा कुठाय म्हणून बघायला आली होती. नाय म्हटल्यावर निवांत गेली.”

काका आता अस्थी घेऊन गावी गेले आहेत. धरणाच्या खालच्या नदीत त्या सोडणार आहेत, तिने तसं सांगून ठेवलं होतं. जाताना विळी माझ्याकडे देऊन गेले. सनाबिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मायक्रोवेव्हच्या शेजारी, ती उभी करून ठेवली आहे. मला धड बसून कापताही येत नाही विळीवर; बोट कापून घेतलं आहे एकदा. पण शुक्रवारी ग्रुपमधलं कुणी ना कुणी पिशवी घेऊन येतं, आणि मी पाट खाली ठेवते, आणि मासा त्यावर आडवा ठेवते. मागच्या आठवड्यात एक जण म्हणाला, “जुई, पाटाएवढा आहे, जवळजवळ.” मी म्हटलं, जवळजवळ नाही. फणसाचा तो पाट, त्याच्या कडेचा तडा आणि त्यावर तिच्या हाताने झिजून पडलेला खळगा… मावशी तिथे बसलेली आहे असं मी म्हणणार नाही. तिथे तिची जागा मोकळी आहे आणि ती कुणीतरी भरायची आहे, एवढंच.

ती मी एकटी भरू शकत नाही, म्हणून तुम्हाला मागते आहे. तुमच्या गावाजवळ धरण असेल, नदी असेल, खाडी असेल. तिथेही कुणीतरी खांद्यावरून डबे वाहून बोटुकली सोडत असेल. तिथला मासा कोणत्या महिन्यात अंड्यावर येतो, हे तिथल्याच जुन्या माणसाला विचारा. आपल्या सवयीच्या कॅलेंडरला विचारू नका. ते महिने भिंतीवर खुणा करून ठेवा आणि त्या महिन्यांत तो मासा घेऊ नका, गाभोळी कितीही पिवळीधमक असली तरी. आणि या रविवारी बाजारात जाल तेव्हा, पिशवी पुढे करण्याआधी, घरातली विळी आठवा. मोठ्या जातीचा मासा असूनही तिच्या पाटात मावत असेल तर पिशवी मिटा आणि विकणाऱ्याला मोठ्याने सांगा: हा पोर आहे, मला नको.